आखणी राहिलेले पुतळे

अमेरिकेतली मोठमोठी संग्रहालयं किती वेळा पाहिली, असं कुणी विचारलं की मी गडबडते. गेले पुष्कळ वेळा, पाहिली फारशी नाहीत. टूर मॅनेजरचं तोंड कायम माणसांकडे असतं आणि पाठ वस्तूंकडे. मी पाहिल्या त्या पाठी, टोप्या, शाली, कमरेला बांधलेले पासपोर्टचे बटवे. जगप्रसिद्ध चित्रासमोर उभी राहून मी मनात म्हणत असायचे, पांढरी टोपी आली, जांभळी शाल आली, सिन्नरचं जोडपं स्वच्छतागृहात आहे, मग औरंगाबादच्या काकू कुठे गेल्या? त्या चित्रात काय होतं, हे मला घरी येऊन लोकांनी विचारल्यावर आठवायचं नाही.

माझं घर जुन्या पनवेलात, आणि आमची कंपनी वर्षातून दोनदा मराठी माणसांना अमेरिकेला नेणारी. टूर मॅनेजर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट माहीत नसतं. लोकांना वाटतं फुकटात जग बघायला मिळतं. प्रत्यक्षात ती एक चालती-फिरती सून असते. कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला खिडकीच लागते, कुणाची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत राहिलेली असते, आणि दोन मैत्रिणींचं विमानात बिनसलेलं असतं ते परत येईपर्यंत सांभाळायचं असतं. या सगळ्यात संग्रहालय हा कार्यक्रमपत्रिकेतला सगळ्यात नावडता भाग. पत्रिकेत दिसलं नाही तर लोक तक्रार करतात, आणि दारात बस उभी राहिली की हळूच विचारतात, "इथून मॉल किती लांब आहे हो?"

संग्रहालयात मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो आपल्या लोकांच्या हातांनी. आपण हातांनी बघणारी माणसं. साडी घेताना पदर चिमटीत धरून बघतो, कलिंगड टिचकी मारून बघतो, देवळात गेलो की उंबऱ्याला हात लावून छातीला लावतो. पहिल्याच सहलीत पनवेलच्या एका कापड दुकानदाराच्या पत्नीने भिंतीवर टांगलेला एक पुरातन गालिचा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला. पहारेकरी धावत आला. बाई शांतपणे मला म्हणाल्या, "मी काही नेत नव्हते, पोत बघत होते." त्या दिवसापासून मी दारातच सगळ्यांना हात मागे घ्यायला लावायची. डाव्या हातात उजवा हात, पाठीवर, शाळेत उभं राहायचो तसं. लोक हसायचे, पण घ्यायचे. पहारेकरी आमच्याकडे फार आदराने बघायचे. त्यांना वाटत असणार, हा कुठला तरी धार्मिक पंथ आहे.

माझ्या शेवटच्या सहलीत नवीन पनवेलचे कुलकर्णी सर होते, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वॉशिंग्टनमधल्या एका संग्रहालयाच्या दारात त्यांच्या खिशातून अडकित्ता निघाला. तपासणीवरच्या माणसाने तो उचलला, उघडला, मिटला, शेजारणीला दाखवला. तिने तिसऱ्याला हाक मारली. तिघंही त्याच्याकडे वाकून बघत राहिले आणि रांग थांबली. हे कशासाठी वापरतात, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा एकाच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती. सुपारी म्हणजे काय, हे इंग्रजीत समजावणं सोपं नाही. अखेर अडकित्ता बाहेरच्या कपाटात ठेवायला सांगितला. कुलकर्णी सर म्हणाले, "बाहेर कशाला, आतच ठेवा की. लेबल मी लिहून देतो."

आता माझी एक युक्ती सांगते, कारण पुढची हकिगत तिच्यावर उभी आहे. एवढी मोठी इमारत दोन-तीन तासांत कुणालाच बघून होत नाही. लोक पळत सुटतात, लेबलांचे फोटो काढतात, पाय दुखवून घेतात आणि चिडतात. म्हणून मी सांगायला लागले की प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची. तिच्यासमोर बसायचं. मग बसमध्ये माईक फिरवायचा आणि आपली वस्तू इतरांना सांगायची. सुरुवातीला लोक लाजत, नंतर माईक सोडत नसत. एका आजींनी न्यूयॉर्कमध्ये खुर्चीवरचा पहारेकरी निवडला होता. दिवसभर सुंदर गोष्टींकडे पाठ करून बसावं लागतं बिचाऱ्याला, असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा सगळ्यांबरोबर हसले.

त्याच शेवटच्या सहलीत बाळारामदादा होते.

बाळारामदादांचा पनवेलजवळच्या कोन गावात गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, फळ्यांवर शाडूच्या मूर्ती आणि कोपऱ्यात ओल्या मातीचा ढीग. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांपासून त्यांच्याच हातचा गणपती येतो. पद्धत अशी की घरचा लाकडी पाट आधी कारखान्यात नेऊन द्यायचा. पाट घेतला की मूर्ती ठरली. त्याच पाटावर ती चतुर्थीला घरी येते आणि विसर्जनानंतर रिकामा पाट परत येऊन माळ्यावर बसतो. मागच्या वर्षी मूर्ती आणायला गेलो तेव्हा दादा आमच्या यांना म्हणाले, "फुडच्या वर्षी पाट आनू नका. कारखाना बंद करतोय."

कारण त्यांनी सांगितलं नाही. ते सुजाताने, त्यांच्या सुनेने, आम्हाला गाडीपर्यंत सोडायला येताना सांगितलं. दादांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मातीचं काम होत होतं, रंग होत होता, त्यातलं निम्मं सुजाताच करायची. अडत होतं ते डोळ्यांशी. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रेखतात, त्याला आखणी म्हणतात. बारीक कुंचल्याने, श्वास धरून, एका रेषेत. त्या वर्षीची आखणी दादांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून केली होती. कुणाला कळलं नाही, पण त्यांना कळलं.

"मग तू कर ना आखणी," मी तिला म्हटलं.

"मला येते ताई. रद्दीवर रोज करते. बाबांना माहीत आहे. पण ते म्हणतात, कारखान्याची नजर एक पाहिजे. त्यांच्या वडिलांनी तसंच सांगितलं होतं. एका हाताची नजर. दुसऱ्याने डोळे केले तर ती दुसऱ्याची मूर्ती झाली." तिने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. "माझा नवरा बंदरावर नोकरीला आहे, त्याला यात रस नाही. बाबांनी बंद केलं की संपलंच. मला दुसरं काही करायचं नाहीये."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

मेच्या सहलीच्या यादीत मला त्या दोघांची नावं दिसली. दादांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिने बाबांना बोलावलं होतं, आणि आधी सहल करून मग तिच्याकडे राहायला जायचं असं ठरलं होतं. दादांच्या बायकोला, काकूंना, विमान नको होतं, मुलाला रजा नव्हती, म्हणून सोबतीला सून. सासरा-सून जोडी बघून बसमध्ये दोन दिवस कुजबुज झाली, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सवय झाली. दादा पांढऱ्या शर्टात, गळ्यात माळ, डोक्यावर नातवाची बेसबॉलची टोपी.

संग्रहालयात माझा हात मागे घेण्याचा नियम त्यांच्याइतका कुणी पाळला नाही. बाकीचे पाचव्या मिनिटाला विसरायचे. दादा आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत हात मागे घेऊन, डाव्याने उजवा घट्ट धरून चालायचे. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुकसुद्धा केलं. सुजाताने माझ्याकडे बघितलं आणि मग मला समजलं की तिथे थरथर दिसत नाही.

वॉशिंग्टनला एका ठिकाणी चंद्रावरून आणलेल्या दगडाचा तुकडा आहे आणि त्याला हात लावू देतात. इतके दिवस दाबून ठेवलेले सगळे हात तिथे सुटले. रांग लागली. एकीने बोट लावून कपाळाला लावलं. कुलकर्णी सरांनी लावलं, मग बोटाचा वास घेतला. मी विचारलं, "कसला येतो?" ते म्हणाले, "आधीच्या माणसाच्या हॅण्ड क्रीमचा." दादा रांगेत पुढे आले, दगडाकडे वाकून बघितलं आणि हात मागे तसेच ठेवून पुढे गेले.

"लावा की दादा, इथे चालतं," मी म्हणाले.

"बगलं ना. झालं," ते म्हणाले.

न्यूयॉर्कचं संग्रहालय म्हणजे एक गावच आहे. आत गेल्या गेल्या मी सगळ्यांना आपापली वस्तू शोधायला सोडलं आणि नेहमीप्रमाणे संगमरवरी पुतळ्यांच्या दालनातून भराभरा निघाले. हे दालन माझ्यासाठी रस्ता होता, इजिप्तकडे जायचा. मध्ये उंच छत, वरून येणारा उजेड आणि दोन्ही बाजूंना प्राचीन ग्रीस-रोमचे पांढरे देव आणि पैलवान. मागून हाक आली.

"ताई, यांची आखनी रायलीय."

दादा एका तरुणाच्या मस्तकासमोर उभे होते. सुजाता शेजारी होती.

"कोणाची राहिली?"

"या सगल्यांची. बगा ना. नाक हाय, कान हाय, केस किती बारीक केलेत. डोले नाय."

मी बघितलं. पापण्या होत्या, आत नुसतं गुळगुळीत पांढरं. शेजारच्याला तसंच, पलीकडच्या बाईला तसंच. मी या दालनातून इतक्या वेळा गेले होते आणि या माणसांना बुबुळंच नाहीत, हे मला कधी दिसलं नव्हतं.

"पुतळे असेच असतात," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"असं कसं असंल? केसांला येवडी म्हेनत घेतली आनि डोले सोडले? मेला असंल कारागीर मदीच."

"बाबा, सगळेच कसे मरतील?" सुजाता म्हणाली.

"मंग लढाई आली असंल. नायतर पूर. कायतरी झालंच असनार. कुनी काम असं टाकून जात नाय." ते त्या मस्तकाकडे असे बघत होते, जणू त्या कारागिराच्या घरच्यांना भेटायला जायचं बाकी होतं.

मला माहीत नव्हतं आणि मला ते आता कळायलाच हवं होतं. अशा संग्रहालयांत निवृत्त माणसं हौसेने, बिनपगारी येऊन लोकांना माहिती सांगतात. गळ्यात बिल्ला घातलेली एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई दाराशी उभी होती. मी तिला दादांचा प्रश्न विचारला, तिने तो मला दोनदा विचारून घेतला आणि तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, हे पुतळे पांढरे नव्हतेच. केस, ओठ, कपडे, सगळं रंगवलेलं असायचं. डोळेही रंगवलेले होते. जमिनीखाली, पाण्यात, उन्हात शेकडो वर्षं गेली आणि रंग निघून गेले.

मी मराठीत सांगितलं. दादा तिच्याकडे बघतच राहिले.

"म्हंजे डोले व्हते."

"होते."

"धुऊन गेले."

"हो."

तिने आम्हाला एका पुतळ्याजवळ नेलं. त्याच्या केसांच्या खोबणीत अजून लालसर रंगाचा अंश दिसतो, म्हणाली. दादा वाकले, आणखी वाकले, नाक जवळजवळ दगडाला टेकलं, आणि कुठूनतरी टींटीं असा आवाज सुरू झाला. पहारेकरी हात वर करून आला. दादा दचकून मागे सरले आणि वळून मला म्हणाले, "हात मागंच हायेत बगा." ते खरंच होतं. नाकाबद्दल मी कधी नियम केला नव्हता.

पलीकडच्या खोलीत एका पुतळ्याची प्लास्टरची प्रतिकृती होती, मूळ रंग कसे असतील याचा अभ्यास करून रंगवलेली. निळा, लाल, पिवळा, सगळे झगझगीत. आमच्या ग्रुपची बरीच मंडळी तिथे जमली होती आणि नाकं मुरडत होती. कुलकर्णी सर म्हणाले, "हे तर आपल्या मंडळाच्या देखाव्यासारखं झालं. पांढरं होतं तेच बरं होतं."

दादांनी ते ऐकलं की नाही माहीत नाही. त्यांनी बिल्ल्याच्या बाईला विचारायला मला सांगितलं, "डोले कुनी केले? ज्यानं कोरलं त्यानंच?"

बाईने मान हलवली. नक्की सांगता येणार नाही, म्हणाली, पण पुष्कळदा कोरणारा वेगळा असे आणि रंगवणारा वेगळा. रंगवणाऱ्यालाही मोठा मान असे.

"मूर्ती कोनाची मग?" दादांनी विचारलं. "कोरनाऱ्याची का रंगवनाऱ्याची?"

हा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, बऱ्याच पुतळ्यांवर दोघांचंही नाव नाही. मग ती दुसऱ्या कुणाकडे गेली.

दालनाच्या मधोमध बाक आहे. दादा त्यावर बसले. मी इजिप्तकडे जायला हवं होतं, तिकडे माझी निम्मी माणसं होती. मी गेले नाही. बऱ्याच वेळाने दादा सुजाताला म्हणाले, "तुला कसं वाटलं? त्या रंगवलेल्याचं."

"रंग चांगले होते. डोळे पटले नाहीत."

"का?"

"बुबुळ वर गेलंय. तो कुणाकडे बघत नाही."

"कुनाकडं बगायला पायजे?"

"समोर जो आहे त्याच्याकडे." मग तिने ठरवल्यासारखं बोलून टाकलं. "बाबा, तुम्ही आखणी करता तेव्हा मूर्ती तुमच्यासमोर असते, डोळ्यांच्या रेषेत. म्हणून आपली नजर सरळ असते. पण घरात गणपती मखरात वर बसतो आणि माणसं खाली पाटावर. त्याची नजर त्यांच्या डोक्यावरून जाते. मी रद्दीवर करते ते जरासे खाली बघणारे करते."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस उठून बाहेर जाणार. मला आमच्या घरचा गणपती आठवत होता. इतकी वर्षं तो आमच्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघायचा, आणि आम्ही म्हणायचो देव दूरचं बघतो.

"किती खाली?" दादांनी विचारलं.

सुजाताने बोट आणि अंगठ्यामध्ये तांदळाच्या कणीएवढं अंतर दाखवलं.

"येवडं जास्ती होल," ते म्हणाले. "झोपल्यावानी दिसंल. निम्मं घे."

मग तिथेच, त्या बाकावर, दोघांचं सुरू झालं. पापणीची कड किती जाड, पांढरं किती ठेवायचं, उभ्या माणसाला काय दिसेल, बसलेल्या पोराला काय दिसेल. बोलता बोलता दादांचा उजवा हात पुढे आला आणि हवेत रेषा काढायला लागला. थरथरत होता. त्यांनी तो मागे नेला नाही. समोरून एक शाळेची सहल गेली, एका मुलीने त्यांच्याकडे वळून बघितलं, तरी नाही.

बसमध्ये माईक फिरला तेव्हा दादांनी तो पहिल्यांदाच घेतला. ते म्हणाले, "मी एक काम बगलं. दोगांचं व्हतं. एकाचं रायलं, एकाचं धुऊन गेलं. पन गेलं त्याचंबी लोकं अजून पुसतायत." त्यांनी माईक सुजाताकडे दिला. तिने तो तसाच मागच्या सीटवर सरकवला.

पनवेलला आल्यावर मी निवृत्त झाले. गुडघे केव्हापासून मागणी करत होते. आता उलव्याच्या नव्या विमानतळावरून उठणारी विमानं डोक्यावरून जातात आणि मी गच्चीत उभी राहून त्यांच्यातल्या टूर मॅनेजरची कीव करते. दादा मुलीकडून परत आल्याचं कळलं, पुढे काही कळेना. विचारायचा धीर होत नव्हता. मग जूनच्या अखेरीला सुजाताचा फोन आला. म्हणाली, "ताई, पाट घेऊन या."

पाट आमच्या यांनी नेऊन दिला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला मात्र मी हट्टाने गेले. शेडमध्ये रांगेने गणपती बसले होते, पाटांवर घरांची नावं खडूने लिहिलेली. सुजाताच्या बोटांना काळा रंग होता. मी तिचा हात धरून, गुडघ्यांना शिव्या देत, जमिनीवर बसले. आणि रांगेतल्या सगळ्या गणपतींनी माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, कणीच्या निम्म्याएवढं खाली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मला आमचा पाट दिसला. आमचा गणपती माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर माझ्या डोक्यावरून सरळ पुढे गेली होती, आणि उजव्या डोळ्याच्या कडेला रेषा जराशी जाड होऊन वळली होती.

दादा खुर्चीत बसले होते. "तेवडा एक मी केला," ते म्हणाले. "मनगट न धरता."

"आमचाच का?"

"तुमी बगाल म्हनून." मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "ठेवून देऊ नका हां ताई. तुमाला त्या म्युझियमांची सवय. बुडवा. पन आदी बगून घ्या."

आमचा गणपती पाच दिवसांचा. आरती झाली, माणसं पांगली की मी मखरासमोर उंच स्टूल ओढून बसायची, म्हणजे नजरेला नजर मिळायची. हे म्हणाले, "देवासमोर असं बारमध्ये बसल्यासारखं काय बसतेस?" मी म्हटलं, मी काम करतेय. आयुष्यभर लोकांना एका वस्तूसमोर बसायला सांगत आले, माझ्या वाट्याला ती आत्ता आली होती. ठेवून द्यावी असं मला वाटलं का? वाटलं. रोज वाटलं. कापसात गुंडाळून कपाटात ठेवायची, कुणाला कळणार होतं? पण ज्याची होती त्याने सांगून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी तळ्यावर मीच पायऱ्या उतरले. हे रिकामा पाट घ्यायला वर थांबले होते. स्वयंसेवकाने हात पुढे केले, म्हणाला, "द्या ताई." मी त्या जाड झालेल्या रेषेकडे एकदा बघितलं आणि मूर्ती दिली. त्याने ती तीनदा पाण्याला टेकवली आणि सोडली. पाणी गढूळ होतं, तरी डोळे थोडा वेळ दिसले. मागच्या माणसाने सरका म्हटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे हात पाठीमागे होते आणि डाव्याने उजवा घट्ट धरला होता.